एकपाशी गर्दी करणारे झीरो : सांगलीतल्या एका अभ्यासवर्गाचं प्रकरण

प्रश्न गणिताच्या सराव-पेपरातला होता, सीएसआयआर-नेट या संशोधन आणि प्राध्यापकीसाठीच्या परीक्षेतल्या भाग ‘क’च्या धाटणीचा. त्या भागात बरोबर पर्याय एकापेक्षा जास्त असू शकतात. बरोबर असलेले सगळे निवडले आणि चुकीचा एकही निवडला नाही, तरच ४.७५ गुण, एक जरी इकडचा तिकडे झाला तर हाती काही नाही. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून पोरं इथं जरा सैल हातानं खुणा करतात.

विश्रामबागेतल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एम.एस्सी. झालेली किंवा दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं येतात. कुणी मिरजेहून, कुणी तासगाव-पलूसहून एसटीनं. जतची एक मुलगी इथंच खोली घेऊन राहते. त्यांच्यापुढं ठेवलेला प्रश्न असा होता:

एफ हे फंक्शन युनिट डिस्कमध्ये, म्हणजे कॉम्प्लेक्स प्रतलातल्या शून्य केंद्र आणि एक त्रिज्या असलेल्या वर्तुळाच्या आतल्या भागात, अ‍ॅनालिटिक आहे. म्हणजे तिथल्या प्रत्येक बिंदूवर त्याचं कॉम्प्लेक्स डेरिव्हेटिव्ह निघतं. एन = २, ३, ४, … या प्रत्येकासाठी एफ(१ − १/एन) = ०. तर पुढीलपैकी कोणती विधानं नक्की खरी?

(अ) एफ सर्वत्र शून्य आहे.
(ब) एफ बाउंडेड असेल, म्हणजे त्याचा आकार (मॉड्युलस) एका ठरावीक मर्यादेच्या आत राहत असेल, तर एफ सर्वत्र शून्य आहे.
(क) एफ हे १ या बिंदूभोवतीच्या एखाद्या छोट्या वर्तुळातही अ‍ॅनालिटिक राहील असं वाढवता येत असेल, तर एफ सर्वत्र शून्य आहे.
(ड) १/२ या बिंदूवर एफचं डेरिव्हेटिव्ह शून्यच असलं पाहिजे.

बरोबर उत्तर ‘ब’ आणि ‘क’. वर्गातल्या बहुतेकांनी ‘अ’वर खूण करून पेपर उलटला होता. पलूसच्या मुलानं चारही पर्याय निवडले. मिरजेच्या मुलीनं फक्त ‘क’. आणि तासगावच्या मुलानं नेमकं ‘ब’ आणि ‘क’.

गुणांच्या भाषेत तासगावला ४.७५ आणि बाकी सगळ्यांना भोपळा. पण उत्तरं समोर मांडून पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. ‘अ’ खरं असेल तर ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ आपोआप खरी ठरतात; जे फंक्शन शून्यच आहे, त्याचं डेरिव्हेटिव्हही शून्य. म्हणजे ‘फक्त अ’ हे उत्तर कुठल्याही परिस्थितीत बरोबर असूच शकत नव्हतं, गणित येवो न येवो. पलूसच्या मुलाचं उत्तर चूक होतं, पण त्याचं डोकं सरळ चाललं होतं. मिरजेच्या मुलीला जे सिद्ध करता आलं तेवढंच तिनं निवडलं. आणि पूर्ण गुण मिळवणाऱ्या तासगावच्या मुलाचं कारण साफ चुकलेलं होतं. हे प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः त्याच्यासाठी.

आधी ‘अ’चं बघू. पोरांच्या डोक्यात आयडेंटिटी थिअरम अशा रूपात बसलेला असतो: झीरोंना, म्हणजे फंक्शन जिथं शून्य होतं त्या बिंदूंना, लिमिट पॉइंट (ज्याच्याकडे ते गर्दी करतात तो बिंदू) मिळाला की फंक्शन शून्य. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्सवर तो चौकटीत छापलेला असतो, खाली दोन रेघा मारून. इथं १/२, २/३, ३/४, ४/५ असे झीरो चाललेत, ते १कडे गर्दी करतात, झालं. थिअरममध्ये एक अट आणखी आहे, की तो लिमिट पॉइंट डोमेनच्या, म्हणजे फंक्शन जिथं दिलेलं आहे त्या भागाच्या, आत हवा. १ हा बिंदू परिघावर आहे, आत नाही. ही अट बहुतेकांना पाठ होती. विचारल्यावर घडाघडा म्हणूनही दाखवली. तरी खूण ‘अ’वरच पडली, कारण ती अट कशासाठी आहे हे कधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

ती कशासाठी आहे, हे सिद्धतेतल्या एकाच ओळीत दिसतं. ए हा डोमेनमधला बिंदू घ्या आणि त्याच्याकडे एफचे झीरो गर्दी करतात असं माना. ए आत आहे, म्हणून त्याच्याभोवती एफची पॉवर सिरीज, म्हणजे (झेड − ए)च्या घातांची अनंत बेरीज, मांडता येते. सिरीजचे सगळे कोइफिशंट शून्य असतील तर एफ त्या परिसरात शून्य. नसतील, तर पहिला शून्येतर कोइफिशंट एमव्या घाताचा धरू. मग एफ म्हणजे (झेड − ए)चा एमवा घात गुणिले जी, आणि जी(ए) शून्य नाही. जी कंटिन्युअस आहे, म्हणून ए-च्या आसपासही तो शून्य होत नाही. मग एफ आसपास फक्त ए-वरच शून्य, आणि गर्दी कुठंच नाही. विसंगती. एका ठिकाणी शून्य ठरलं की डोमेन सलग असल्यामुळं ते सगळीकडे पसरतं. तो भाग पोरांना येतोच, त्यावर वेळ घालवला नाही.

आता हीच ओळ १ या बिंदूवर चालवून पाहा. तिथं पॉवर सिरीजच नाही. पहिला शून्येतर कोइफिशंट कशाचा शोधणार? मिरजेच्या मुलीनं पेपराच्या कडेला पेन्सिलनं एवढंच लिहिलं होतं: ‘१ वर सिरीज नाही. क मध्ये आहे.’ ‘क’ खरं असण्याचं ते पूर्ण कारण आहे.

पॉवर सिरीज ही किती कडक गोष्ट आहे हे एम.एस्सी.च्या मुलांनाही मनापासून पटलेलं नसतं, कारण रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये त्यांनी उलटं पाहिलेलं असतं. कोशीनं १८२०च्या दशकातच दाखवलेलं फंक्शन आठवा: ई-चा घात उणे १ भागिले क्ष-वर्ग, आणि शून्यावर किंमत शून्य. त्याची शून्यावरची सगळी डेरिव्हेटिव्ह शून्य आहेत, तरी ते इतर कुठंही शून्य नाही. त्याला साइन(१/क्ष)नं गुणा. आता शून्यापाशी झीरोंची गर्दी आहे, फंक्शन कितीही वेळा डिफरन्शिएट करता येतं, आणि तरी ते शून्य नाही. रिअल रेषेवरच्या गुळगुळीत फंक्शनला पुढं काय करायचं याचं स्वातंत्र्य असतं. पावसाळ्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सगळ्यांच्या तोंडी असते. दुपारी दोन तास मिनिटामिनिटाला मोजून ती ३८ फूट भरली, तरी रात्री ती ४०ची इशारा पातळी गाठणार की उतरणार हे त्या दोन तासांत लिहिलेलं नसतं, ते वर कोयनेतून किती पाणी सोडतात त्यावर असतं. अ‍ॅनालिटिक फंक्शनचं तसं नाही. डोमेनच्या आतल्या एका तुकड्यावर ते कळलं की सगळं कळलं.

पण हा सगळा कडकपणा आतला. परिघावर काय चालतं, याबद्दल आयडेंटिटी थिअरम मौन आहे, आणि ‘अ’ खोडून काढायला एक उदाहरण पुरतं: साइन(पाय/(१ − झेड)). झेड = १ − १/एन टाकलं की १ − झेड = १/एन, आणि साइन(एन पाय) = ०. डिस्कच्या आत १ − झेड कुठंच शून्य होत नाही, म्हणून फंक्शन अ‍ॅनालिटिक. १/२ या बिंदूवर डेरिव्हेटिव्ह काढा, ४ पाय येतं. ‘अ’ गेलं, ‘ड’ही गेलं.

इथपर्यंत फळ्यावर झालं तेव्हा पलूसचा मुलगा मोबाइल घेऊन उठला. त्यानं त्याच फंक्शनचा आलेख काढला होता, शून्य ते एकपर्यंत. १च्या जवळ जाताना रेघा इतक्या दाट झालेल्या की नुसता निळा पट्टा दिसत होता, पण तो पट्टा उणे १ आणि १ यांच्यामध्येच.

“सर, हे तर बाउंडेड आहे की! मग ब पण गेलं.”

“ए भावा, ब गेलं तर माझे पावणेपाच मार्क गेले,” तासगाव मागून.

“आलेख कुठल्या रेषेवर काढलायस?”

“शून्य ते एक. सरळ.”

“आणि डिस्क?”

तो गप्प झाला, पण त्यानं विचारलेलं विचारण्यासारखंच होतं. त्रिज्येवर झेड रिअल आहे, तिथं साइन १च्या पुढं जाणार नाही. झीरो ज्या वाटेवर ओळीनं उभे आहेत त्या वाटेवर फंक्शन अगदी शहाण्यासारखं वागतं. काय दंगा करायचा तो वाट सोडून बाजूला. डब्ल्यू = १/(१ − झेड) लिहिलं तर युनिट डिस्क म्हणजे डब्ल्यूचा रिअल भाग १/२पेक्षा मोठा असलेलं अर्धं प्रतल. त्यातली डब्ल्यू = १ + आय वाय ही उभी रेषा घ्या. तिच्यावर साइन(पाय डब्ल्यू)चा आकार साइनएच(पाय वाय), म्हणजे हायपरबोलिक साइन, इतका; म्हणजे वाय वाढला की तो घातांकी वेगानं वाढतो. ही उभी रेषा झेडच्या प्रतलात परत आणली की १/२ केंद्र आणि १/२ त्रिज्या असलेलं छोटं वर्तुळ होतं, जे युनिट वर्तुळाला आतून १वर चिकटलेलं आहे. या छोट्या वर्तुळाशी पुढं परत काम पडणार आहे.

तेव्हा ‘ब’ जिवंत राहिलं. आता त्याचं कारण.

तासगावच्या मुलानं पेपरात लिहिलेली सिद्धता अशी होती, शब्द थोडे नीट करून: एफ बाउंडेड आहे, म्हणून १ हा रिमूव्हेबल सिंग्युलॅरिटी (योग्य किंमत देऊन भरून काढता येणारा तुटका बिंदू) आहे, म्हणून एफ १पर्यंत अ‍ॅनालिटिक वाढवता येतं, म्हणून ‘क’ लागू, म्हणून एफ शून्य. चार ओळी, सुबक. तपासणारा घाईत असेल तर बरोबरची खूण करून पुढं जाईल. पर्यायांच्या पेपरात तर ही सिद्धता कुणी पाहतच नाही. गोल काळा केला की संपलं. पूर्ण गुण घेऊन चुकीची समजूत पक्की करून घरी पाठवायची सोय या पद्धतीत अशी आयती आहे.

चूक दुसऱ्या पायरीत आहे. ‘बाउंडेड असेल तर सिंग्युलॅरिटी रिमूव्हेबल’ हा रीमानचा थिअरम लागायला फंक्शन त्या बिंदूच्या चहूबाजूंनी अ‍ॅनालिटिक असावं लागतं, फक्त तो एक बिंदू सोडून. १च्या बाबतीत डिस्कच्या बाहेर फंक्शनचा पत्ताच नाही. हे त्याला सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावली असती. त्याऐवजी प्रश्नात एकच बदल करून दिला: झीरो १ − १/एन ऐवजी १ − १/एन-वर्ग. म्हणजे ३/४, ८/९, १५/१६, २४/२५. हेही १कडेच जातात. त्याची सिद्धता एकही अक्षर न बदलता इथंही चालते. म्हणजे इथंही प्रत्येक बाउंडेड एफ शून्य व्हायला हवं.

“होईलच ना सर,” तो म्हणाला. “थिअरी तीच आहे.”

होत नाही. आणि हे कळायला ‘ब’ची खरी सिद्धता लागते.

एफचा आकार सगळीकडे जास्तीत जास्त एम आहे असं धरा. ए हा शून्य आणि एकच्या मधला झीरो असेल तर (झेड − ए)/(१ − ए झेड) हा अपूर्णांक घ्या. हा ए-वर शून्य होतो, डिस्कच्या आत त्याचा आकार १पेक्षा कमी असतो आणि परिघावर बरोबर १. एफला या अपूर्णांकानं भागा. ए-वरचा झीरो छाटला गेला, म्हणून भागाकार अ‍ॅनालिटिकच राहिला. आणि परिघाजवळ आपण जवळजवळ १ आकाराच्या संख्येनंच भागतोय, म्हणून मॅक्सिमम मॉड्युलसनुसार (आतला आकार परिघाजवळच्या सर्वांत मोठ्या आकारापुढं जात नाही) भागाकाराचा आकारही एमच्या पुढं जात नाही. असे पहिले काही झीरो एकामागून एक छाटत जा, १ − १/एन यातला एन २पासून मोठ्या एनपर्यंत. शेवटी झेड = ० टाका. प्रत्येक अपूर्णांकाचा शून्यावरचा आकार म्हणजे तो ए स्वतः. म्हणून:

एफ(०)चा आकार ≤ एम × १/२ × २/३ × ३/४ × … × (एन − १)/एन

उजवीकडच्या गुणाकारात प्रत्येक छेद पुढच्या अंशाशी कटतो. जतच्या मुलीला फळ्यावर बोलावलं होतं. तिनं तिरप्या रेघा मारत मारत सगळं कापत नेलं आणि शेवटी वर १ आणि खाली एन एवढेच उरले. एफ(०)चा आकार जास्तीत जास्त एम/एन. एन हवा तेवढा मोठा घेता येतो, कारण झीरो संपत नाहीत. म्हणून एफ(०) = ०.

इथं तासगावनं खडू मागून घेतला. एफ(०) शून्य म्हणजे एफ शून्य नव्हे, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्यावर काय करायचं तेही. एफ सर्वत्र शून्य नसेल तर शून्यावर त्याला ठरावीक ऑर्डरचा झीरो आहे. झेडचा तेवढा घात बाहेर काढा. उरलेलं जी पुन्हा बाउंडेड, एम तोच, पुढचे सगळे झीरो तेच, पण जी(०) शून्य नाही. वरचा हिशेब जीला लावा: जी(०) = ०. विसंगती. ‘ब’ सिद्ध झालं, आणि १ या बिंदूवर फंक्शन वाढवण्याचा विषयही निघाला नाही.

मग एन-वर्गाचा गुणाकार त्यालाच करायला सांगितला. १ − १/एन-वर्ग म्हणजे (एन − १)(एन + १) भागिले एन गुणिले एन. पुन्हा कटाकटी होते, पण यावेळी दोन बाजूंनी: (१/२ × २/३ × ३/४ × …) हा एक गट आणि (३/२ × ४/३ × ५/४ × …) हा दुसरा. पहिल्यातून १/एन उरतो, दुसऱ्यातून (एन + १)/२. गुणाकार (एन + १)/(२ एन), आणि तो शून्याकडे न जाता १/२वर येऊन थांबतो. विसंगती निघतच नाही. उलट तेच अपूर्णांक भागायच्या ऐवजी सगळे गुणले, म्हणजे (ए − झेड)/(१ − ए झेड) या रूपात, तर तो अनंत गुणाकार डिस्कमध्ये एका खऱ्याखुऱ्या फंक्शनकडे जातो. त्याचा आकार १च्या पुढं नाही, झीरो बरोबर १ − १/एन-वर्ग इथं आणि शून्यावर किंमत १/२. बाउंडेड, १पाशी झीरोंची गर्दी, आणि शून्य नाही. तासगावची चार ओळींची सिद्धता इथं मोडते. रिमूव्हेबलचा मुद्दा खरा असता तर हे फंक्शन जन्मालाच आलं नसतं.

हे गुणाकार विल्हेल्म ब्लाश्केच्या नावानं ओळखले जातात. त्याचा निबंध १९१५चा. सर्वत्र शून्य नसलेल्या बाउंडेड फंक्शनचे झीरो परिघापासून जितके दूर आहेत त्या अंतरांची बेरीज सांत असावी लागते, आणि बेरीज सांत असेल तर तसं फंक्शन मिळतंच. १/एनची बेरीज अनंताला जाते, १/एन-वर्गाची जात नाही. आपल्या दोन प्रश्नांतला सगळा फरक तेवढाच. झीरो आणि आकार यांना जोडणारं मूळ सूत्र त्याआधी १८९९मध्ये योहान येन्सननं दिलं. हा गृहस्थ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता आणि विद्यापीठात त्यानं कधीच नोकरी केली नाही. दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गाला येणारी दोन-तीन मुलं आमच्याकडे असतातच, त्यांना हे मुद्दाम सांगतो.

परिघाकडे गर्दी करायची मुभा झीरोंना आहे, पण त्याची किंमत फंक्शनला आकारात मोजावी लागते. हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्यावर जतच्या मुलीनं विचारलं, “किती?”

प्रश्न रास्त होता. बाउंडेडमध्ये १ − १/एन बसत नाही, साइनमध्ये बसतं. साइन घातांकी वाढतो. मधलं काही चालेल का? समजा फंक्शन परिघाकडे जाताना वाढतं, पण बेतानं: आकार जास्तीत जास्त सी भागिले (१ − |झेड|)चा केवा घात, के कितीही मोठा चालेल. एवढ्यात भागेल?

भागत नाही, आणि ते मघाच्या छोट्या वर्तुळानं दिसतं. त्या वर्तुळाच्या आत |झेड|चा वर्ग हा झेडच्या रिअल भागापेक्षा कमी असतो. तेवढ्यावरून |१ − झेड|चा वर्ग हा १ − |झेड|-वर्ग याच्यापेक्षा कमी निघतो, आणि तो २(१ − |झेड|)पेक्षा कमी. म्हणजे छोट्या वर्तुळात राहिलं तर परिघापासूनचं अंतर |१ − झेड|-वर्गाच्या निम्म्याहून जास्तच असतं. आता एफला (१ − झेड)च्या २के घातानं गुणा. गुणाकार छोट्या वर्तुळात बाउंडेड झाला! झीरो तेच राहिले, कारण १ − झेड आत कुठं शून्य होत नाही.

पुढं पुन्हा कटाकटी. छोटं वर्तुळ मोठं करून युनिट डिस्क बनवायची, झेडच्या जागी २झेड − १. झीरो १ − १/एन होते ते १ − २/एन झाले. एन २चा झीरो केंद्रावर येतो, तो आधीच बाजूला काढायचा. उरले १/३, २/४, ३/५, ४/६, … (एन − २)/एन. गुणाकार केला तर वरचे १ आणि २ राहतात, खालचे एन − १ आणि एन. २ भागिले एन(एन − १), शून्याकडे जातो. बाउंडेड फंक्शनला हे परवडत नाही, म्हणून गुणाकार शून्य, म्हणून एफ शून्य. के २ असो नाहीतर २००, एकाच त्रिज्येवर १ − १/एन असे झीरो ठेवून कुठल्याही ठरावीक घाताच्या वाढीत भागत नाही. साइनचा आकार त्याच छोट्या वर्तुळावर साधारण ई-चा घात पाय भागिले |१ − झेड| असा आहे, तो या सगळ्या घातांच्या कितीतरी पुढचा, म्हणून त्याला जमतं.

पलूसचा मुलगा, ज्यानं सुरुवातीला चारही पर्याय निवडले होते, तो म्हणाला की सर, हे सगळं एका त्रिज्येवर आहे म्हणून. झीरो सगळीकडे पांगले तर छोटं वर्तुळ कुठं लावणार? त्याला पुढच्या वेळेपर्यंत एक फंक्शन तपासायला दिलं: (१ + २झेड), (१ + २झेड-वर्ग), (१ + २झेडचा चौथा घात), (१ + २झेडचा आठवा घात), असा घात दुप्पट करत जाणारा अनंत गुणाकार.

तो वहीची तीन पानं भरून घेऊन आला. केव्या घाताचं पद (हा के वेगळा: १, २, ४, ८, …) शून्य व्हायला झेडच्या केव्या घाताचा आकार १/२ हवा, आणि असे के झीरो एका वर्तुळावर समान अंतरानं पसरलेले. त्यांच्या आकारांचा एकत्र गुणाकार १/२. म्हणजे प्रत्येक पद झीरोंच्या गुणाकाराला आणखी एकदा निम्मं करतं, आणि सगळा गुणाकार शून्याकडे. परिघापासूनच्या अंतरांची बेरीज अनंत. पण फंक्शन शून्य नाही, शून्यावर त्याची किंमत १ आहे. आणि आकार? परिघापासून अंतर निम्मं झालं की साधारण एका नव्या पदाची भर पडते, ती जास्तीत जास्त तिप्पट. अंतर निम्मं, आकार तिप्पट. तिनाचा २ पायाचा लॉगरिदम सुमारे १.५८५, म्हणजे वाढ परिघापासूनच्या अंतराच्या दुसऱ्या घाताच्याही आत. पांगलेल्या झीरोंना ते अगदी स्वस्तात पडतं.

पुढच्या सराव-पेपरात मूळ प्रश्न तसाच ठेवला, फक्त ‘ड’ बदलून तिथं एन-वर्गाचं बाउंडेड फंक्शन आणलं आणि खाली तीन ओळी कोऱ्या सोडल्या, ‘ब’चं कारण लिहायला.